चिठ्ठीवर रस्ताही लिहावा

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असा संपादक मंडळाचा आग्रहाचा निरोप आला तेव्हा मधुमेहावरील नव्या औषधांविषयी चार शब्द लिहावेत असे मनात होते. परंतु त्या विषयावर आपल्या मासिक सभांतून वर्षभर व्याख्याने होतच असतात. गेल्या दोन वर्षांपासून मात्र एक गोष्ट मनाला टोचणी लावून राहिली आहे. ती औषधाविषयी नाही, सल्ल्याविषयी आहे. व्यवसायबंधूंसमोर आणि शहरातील सुजाण नागरिकांसमोर ती मांडण्याचे धाडस करतो.

माझ्याकडे अनेक वर्षे येणारे एक गृहस्थ आहेत. वय अठ्ठावन्न, सारे आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेले. मधुमेह होता, थोडा रक्तदाब होता, आणि गुडघे कुरकुरू लागले होते. चालायला सांगितले तर गुडघे दुखतात, असे ते दरवेळी सांगत. शेवटी एकदा मी म्हणालो, “तरुणपणी सायकल चालवत होतात ना? मग तीच काढा.” चिठ्ठीच्या तळाशी लिहूनही दिले, ‘रोज अर्धा तास सायकल.’ गृहस्थ आज्ञाधारक. माळ्यावरची जुनी सायकल उतरवली, दोन्ही टायर नवे घातले आणि सुरुवात केली. तीन महिन्यांनी त्यांचे एचबीएवनसी साडेआठवरून साडेसातच्या खाली आले. माझी छाती फुगली, हे कबूल करतो. पुढे डिसेंबरातल्या एका पहाटे, अजून फटफटले नव्हते तेव्हा, मोठ्या रस्त्यावर एका भरलेल्या ट्रकचा धक्का लागून ते पडले. मांडीच्या हाडाची मान मोडली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. भेटायला गेलो तर तेच मला समजावू लागले, “डॉक्टरसाहेब, चूक माझीच. सायकल कुठं चालवायची, ते विचारायचं राहूनच गेलं बघा.”

खरी गोष्ट अशी, की त्यांनी विचारले असते तरी मला उत्तर देता आले नसते.

आपण साधी मेटफॉर्मिनची गोळी लिहितो तेव्हा किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे सारे लिहितो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा कमी करतो. व्यायामाची वेळ आली की मात्र एका ओळीत आटोपतो. ‘व्यायाम करावा’ हे वाक्य आपल्या चिठ्ठ्यांवर शिक्क्यासारखे उमटते आणि रुग्णही ते शिक्क्यासारखेच वाचतात. माझे म्हणणे इतकेच आहे, की सायकल सांगायची असेल तर रस्ताही सांगितला पाहिजे, आणि रस्ता सांगायचा असेल तर तो सांगणाऱ्याने आधी स्वतः पायडल मारून पाहिलेला असला पाहिजे.

सायकल गुणकारी आहे का, यावर या वाचकवर्गासमोर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार बैठ्या चालकांपेक्षा कमी आढळला. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ब्रिटनमधील सुमारे दोन लाख चौसष्ट हजार लोकांचा अभ्यास आला. कामावर सायकलने जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका एकेचाळीस टक्क्यांनी कमी दिसला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, आणि सायकल चालवणारा माणूस मुळातच जरा धडधाकट असतो, ही शंका रास्त आहे. तरीही आपल्या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, हा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचा २०२३ मधील आकडा डोळ्यांसमोर ठेवला, तर एवढ्या स्वस्त उपायाकडे पाठ फिरवणे आपल्याला परवडणारे नाही.

मात्र त्याच देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत एक लाख अडुसष्ट हजारांवर माणसे दगावली. हे दोन्ही आकडे एकाच चिठ्ठीवर येतात, याचे भान मला त्या गृहस्थांच्या खाटेशेजारी बसल्यावर आले.

या संदर्भात एका थोर हृदयरोगतज्ज्ञाची आठवण होते. १९५५ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा बॉस्टनचे डॉ. पॉल डडली व्हाइट यांना पाचारण करण्यात आले. हृदयरुग्णाला आठवडेच्या आठवडे पलंगाला खिळवून ठेवण्याचा तो काळ. व्हाइट यांनी मात्र हालचालीचा, चालण्याचा आणि सायकलीचा पुरस्कार केला, आणि म्हातारपणीही ते स्वतः सायकल चालवत राहिले. बॉस्टनमध्ये चार्ल्स नदीच्या काठाने जी सायकलवाट आहे, तिला त्यांचे नाव दिलेले आहे. डॉक्टरांची नावे रुग्णालयांना, महाविद्यालयांना आणि फार तर एखाद्या चौकाला मिळतात. नदीकाठच्या वाटेला डॉक्टरचे नाव मिळावे, हे मला अधिक हेवा वाटण्याजोगे वाटते.

नदी तर आपल्यालाही आहे. राजघाटाच्या पायऱ्यांवर हिवाळ्यातल्या सकाळी साडेसहाला उभे राहावे. समोर तापीचे पात्र, त्यातला दगडी हत्ती, मागे शाही किल्ल्याची भिंत, पलीकडच्या तीरावर जैनाबाद. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीच्या जन्मोत्सवासाठी आपण सारे येथे येतो, दिवे सोडतो आणि मोटारीत बसून घरी परततो. येथूनच सायकलीचा एक सुरेख फेरफटका सुरू होतो, हे मला या शहरात इतकी वर्षे काढूनही ठाऊक नव्हते. अपघातानंतर पश्चात्तापापोटी म्हणा, मी एक गिअर नसलेली साधी सायकल विकत घेतली आणि दर रविवारी एकेक रस्ता पाहू लागलो. पहिल्या रविवारी दोन कुत्री मागे लागली आणि तिसऱ्या किलोमीटरवर दम लागला. कॉलेजात असताना तासावर भाड्याने सायकल घेऊन गावभर हुंदडणारा मी, शंभर पावलांवरच्या दवाखान्यातही मोटारीने जाऊ लागलो होतो, त्याची ही फळे.

पहिली वाट पूल ओलांडून जैनाबादेकडे जाते. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल या शहरात बाळंतपणात गेली. तिचा देह प्रथम याच तीरावरील आहुखान्याच्या बागेत दफन केला होता, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो आग्र्यास नेला. चौदाव्या बाळंतपणात माता दगावते, आणि तिच्या दुःखातून जगप्रसिद्ध इमारत उभी राहते, याकडे प्रसूतितज्ज्ञ कोणत्या नजरेने पाहत असतील, असा विचार तेथे सायकल टेकवून उभे राहिले की मनात येतो. पण तो वेगळ्या लेखाचा विषय. सायकलस्वाराच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की हा भाग सपाट आहे, सकाळी येथे वर्दळ थोडी असते आणि दोन्ही बाजूंना शेती आहे. आणखी एक वाट मोहना आणि तापी यांच्या संगमाकडे, मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीकडे जाते. पुरंदरचा तह ज्यांच्याशी झाला ते जयसिंग १६६७ साली बुऱ्हाणपुरातच वारले, हे आपल्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकातून क्वचितच कळते. छत्रीच्या खांबांतून दिसणारे नदीचे वळण पाहिले की सायकल थांबवावीच लागते.

माझ्या सर्वांत आवडीची वाट मात्र नदीपासून दूर, लालबागेकडे, कुंडी भंडाऱ्याच्या रेषेवरून जाते.

परदेशात कालव्याकाठची सायकल ही मोठी आनंदाची गोष्ट मानली जाते. फ्रान्सच्या दक्षिणेत १६६६ ते १६८१ या काळात खोदलेला सुमारे दोनशे चाळीस किलोमीटरचा एक कालवा आहे, ‘कनाल द्यू मिदी’. त्याच्या काठाने घोडे नावा ओढत नेत. घोडे गेले, वाट राहिली, आणि आज त्या झाडांच्या सावलीतल्या वाटेवरून हौशी लोक सायकली नेतात. कालव्याकाठची वाट हृदयरुग्णालाही मानवते, याचे कारण अगदी साधे आहे. पाणी खळखळून धावले तर काठ खचतात, थांबले तर गाळ साचतो. म्हणून कालव्याला उतार देतात तो डोळ्यांना न दिसण्याइतका अल्प. कालवा टेकडी चढत नाही, तो तिला वळसा घालतो, आणि त्याच्या शेजारची वाटही तशीच, चढ-उतार टाळत चालते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या अभियंत्याने पाण्यासाठी काढलेला हा समतल मार्ग म्हणजे नकळत तयार झालेला व्यायामाचा आदर्श मार्ग होय. आपल्याकडेही १८५४ साली सुरू झालेल्या गंगा कालव्याच्या पटरीवरून श्रावणात लाखो कावडिये चालत जातात. म्हणजे कालव्याची वाट माणसांसाठी वापरण्याची कल्पना आपल्याला परकी नाही.

आणि बुऱ्हाणपूरला तर त्या फ्रेंच कालव्याहून पन्नास वर्षे जुना कालवा आहे. फरक एवढाच, की आपला कालवा जमिनीखालून वाहतो. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, इराणी पद्धतीने सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारात गोळा करून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. भुयाराला हवा-उजेड मिळावा, साफसफाईसाठी उतरता यावे म्हणून ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या बांधल्या. अशा शंभराहून अधिक कुंड्या ओळीने आहेत. २०२४ च्या मार्चमध्ये या भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले, आणि त्याआधी २०२२ साली घरोघरी नळाने पाणी पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळवणारा देशातला पहिला जिल्हा म्हणून आपल्या जिल्ह्याचे नाव झाले. पाण्याच्या बाबतीत हे शहर चारशे वर्षे हुशार आहे. त्या कुंड्यांच्या गोल कठड्यांची ओळ डाव्या-उजव्या हाताला ठेवत सकाळच्या उन्हात सावकाश सायकल नेणे हा अनुभव शब्दांत सांगणे कठीण आहे. आपल्या पायांखाली ऐंशी फुटांवर पाणी चालले आहे आणि आपणही त्याच संथ उताराने चाललो आहोत, हे कळत असते. एका जागी थांबून कुंडीत कान लावला तर पाण्याचा आवाज येतो.

बाकीच्या वाटांविषयी थोडक्यात. महाल गुलाऱ्यापर्यंत वीसेक किलोमीटर होतात. उतावळी नदीवरचा बंधारा आणि समोरासमोरचे दोन महाल पावसाळ्याच्या शेवटी पाहण्यासारखे असतात, पण हे अंतर नवख्याचे नव्हे. असीरगडची चढण तर तरुणांनाच लखलाभ होवो. सीमेपलीकडे, रावेर तालुक्यात, सुकी आणि अभोरा या धरणांच्या बाजूला सातपुड्याच्या कुशीतले रस्ते आहेत. तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेव, जवळच मेहूण, आणि खाली १९८० च्या दशकापासून पाणी अडवणारे एकेचाळीस दरवाजांचे हतनूर धरण. हिवाळ्यात त्या जलाशयावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. हतनूरचा उजवा कालवा तेथून यावल-चोपड्याकडे जातो. कालव्याकाठची ती सेवावाट, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला केळीची हिरवी भिंत, ही माझ्या मते खानदेशातली सर्वांत सुंदर सायकलवाट ठरू शकेल. ‘ठरू शकेल’ असे मुद्दाम म्हणतो. कारण ही वाट पाटबंधारे खात्याची आहे, पाटकऱ्यांच्या आणि खात्याच्या गाड्यांच्या कामासाठी आहे, आणि परवानगीवाचून तेथे घुसणे योग्य नव्हे. शिवाय आवर्तन सुटलेले असताना अस्तरीकरण केलेल्या कालव्यात पडलेला माणूस, पोहता येत असले तरी, गुळगुळीत काठामुळे सहजासहजी बाहेर येऊ शकत नाही. आपल्यापैकी ज्यांनी ग्रामीण रुग्णालयात नोकरी केली आहे, त्यांनी अशी प्रकरणे पाहिली असतील. मुलांना घेऊन तेथे जाऊ नये, एवढेच आज सांगतो.

आता काही आक्षेप. आमच्या एका मित्राचे म्हणणे असे, की व्यायामशाळेतील स्थिर सायकल अधिक सुरक्षित आहे, नाडी मोजता येते आणि ट्रक अंगावर येत नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही. हृदयाची शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या रुग्णाने पहिले काही आठवडे तीच चालवावी. पण स्थिर सायकल विकत घेतलेल्यांपैकी किती जणांच्या घरी ती सहा महिन्यांनी टॉवेल वाळत घालण्याच्या उपयोगी पडते, हे त्यांनीही पाहिले आहे. माणूस पुन्हा पुन्हा जे करतो तेच औषध. आणि पुन्हा पुन्हा जावेसे वाटते ते पाण्याकाठी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता आणि त्याने मला निरुत्तर केले. एका सभेनंतर चहा घेताना मी या शांत वाटांची स्तुती करीत होतो. तेव्हा एक भगिनी डॉक्टर म्हणाल्या, “सर, तुम्हाला जी वाट शांत वाटते, ती आम्हाला निर्जन वाटते.” मी गेले सहा महिने जे रस्ते पाहिले होते, ते सारे एका पुरुषाच्या नजरेने पाहिले होते. त्यांच्याच सूचनेवरून मी माझ्या वहीतील प्रत्येक वाटेपुढे दोन गोष्टी नव्याने टिपल्या आहेत. शेतात माणसे कामाला किती वाजता येतात, आणि शेवटचे घर किंवा चहाची टपरी कुठवर आहे. वाहनांची वर्दळ नको, पण माणसांची चाहूल हवी. अशी वाट शोधणे वाटते त्याहून अवघड आहे. आपल्या सदस्य भगिनींनी एक-दोन रविवार गटाने येऊन या वाटा स्वतः तपासाव्यात. त्या नापसंत करतील ती वाट यादीतून वगळावी, माझी आवडती असली तरी.

तिसरी अडचण प्रतिष्ठेची. डॉक्टर सायकलवरून आले तर रुग्ण काळजीने विचारतो, “गाडी बिघडली का?” आपल्या समाजात सायकल ही शाळकरी मुलांची, दूधवाल्याची आणि मागावर कामाला जाणाऱ्यांची. जो ती गरजेने चालवतो त्याला ती सोडण्याची घाई झालेली असते, आणि त्याने ती सोडली की आपण त्याला सांगतो, ‘आता तब्येतीसाठी सायकल चालवा.’ यातली विसंगती मला त्या गृहस्थांमुळे उमगली. तीस वर्षे ते सायकलने कामावर जात होते, तेव्हा त्यांच्या रस्त्याची चिंता आपण कुणी वाहिली नव्हती. नेदरलँड्समध्येही सायकली काही जमीन सपाट आहे म्हणून टिकल्या नाहीत. साठीच्या दशकात तेथेही मोटारींनी रस्ते व्यापले होते. १९७१ साली तेथील रस्त्यांवर सुमारे तीन हजार तीनशे माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा पालक रस्त्यावर उतरले, ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ झाली, आणि मग सरकार हलले. मागणी केल्याखेरीज रस्ता मिळत नाही.

आपल्या पेशातील काहींनी सायकलीवर थक्क करणारे पराक्रम केले आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी सुमारे चार हजार आठशे किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच शर्यत एकट्याने पुरी केली. त्यांचा अभिमान आहेच. पण अशा विक्रमांमुळे सायकल म्हणजे घट्ट पोशाख, लाखाची सायकल आणि रात्रीचा दिवस, असा समज सामान्य माणसाचा होतो, तो काढून टाकला पाहिजे. आपल्याला अमेरिका ओलांडायची नाही. जैनाबादचा पूल ओलांडला तरी पुष्कळ झाले.

रुग्णाला सायकल सांगताना मी आता ज्या गोष्टी लिहितो, त्या येथे नमूद करतो. सहकाऱ्यांनी दुरुस्ती सुचवल्यास आनंद होईल. मात्रा म्हणजे आठवड्याला किमान दीडशे मिनिटे, ती पाच दिवसांत वाटलेली. वेग इतकाच, की शेजारच्याशी बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याने नाडीच्या आकड्यावर विसंबू नये, ही बोलण्याची खूणच धरावी. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. सीट अशी लावावी, की पायडल सर्वांत खाली असताना टाच टेकवली तर गुडघा जवळजवळ सरळ होतो. बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात आणि गुडघेदुखीचा दोष सायकलीला देतात. ज्यांचा तोल अजून बसलेला नाही, अशा वृद्धांच्या बाबतीत मात्र पाय जमिनीला टेकणे अधिक महत्त्वाचे, तेथे गुडघ्याने थोडे सोसावे. मांड्यांमध्ये बधिरता जाणवू लागल्यास सीट बदलावी, लाजू नये. छातीत दडपण आले तर थांबावे आणि कळवावे. आणि हेही सांगावे, की सायकलीने हृदयाचे भले होते, पण हाडांवर शरीराचा भार पडत नसल्याने हाडे मजबूत होत नाहीत. ज्या भगिनींची हाडे ठिसूळ झाली आहेत, त्यांना चालणे आणि वजनाचे व्यायाम सुटत नाहीत. ऋतूही लिहावा. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ आपल्या भागात सायकलीचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा कोणी सायकलीचा हट्ट धरू नये. आणि उजाडल्याशिवाय निघू नये, ही ओळ मी आता लाल शाईने लिहितो.

आपल्या संस्थेकडे माझे मागणे मोठे नाही. लाल फरशीचा, रंगवलेला सायकलमार्ग मागू नये. जेथे जेथे तो झाला आहे तेथे त्यावर हातगाड्या आणि मोटारी उभ्या राहतात. त्याऐवजी पाच वाटा निश्चित कराव्यात. प्रत्येक वाटेचे अंतर, सावली, पाण्याची सोय, पंक्चर काढणाऱ्याचे दुकान आणि ज्या ठिकाणी मोठा रस्ता ओलांडावा लागतो ती जागा नकाशावर दाखवावी आणि तो नकाशा चिठ्ठीच्या पाठीमागे छापावा. औषध कंपन्यांकडून आपण कॅलेंडरे आणि लेखण्या घेतो, पण हा नकाशा मात्र स्वखर्चाने छापावा. राजघाटाकडे येणारा रस्ता रविवारी सकाळी सहा ते नऊ वाहनांसाठी बंद ठेवावा, असे निवेदन महानगरपालिकेला द्यावे. एका रस्त्याचे तीन तास, एवढीच मागणी. केळीच्या हंगामात ट्रक थांबवता येणार नाहीत हे मला कळते. या जिल्ह्याचे पोट त्या ट्रकांवर आहे. म्हणूनच सायकलीला त्यांच्या वाटेतून बाजूला काढणे शहाणपणाचे. आणि पलीकडे रावेर-यावलच्या आपल्या मराठी डॉक्टर मित्रांच्या साहाय्याने पाटबंधारे खात्याशी बोलावे. वर्षातील जे महिने कालवा कोरडा असतो, त्या महिन्यांपुरती कालव्याची एखाद्या गावापासून दुसऱ्या गावापर्यंतची सेवावाट पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी खुली करता येईल का, एवढेच विचारावे. दोन राज्यांचा प्रश्न असल्याने कागद फिरायला वेळ लागेल. तोवर राजघाट आहेच.

कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला मी राजघाटाच्या पायऱ्यांशी उभा असेन. कुंडी भंडाऱ्यापर्यंत जाऊन परत येऊ. कोणतीही सायकल चालेल, घंटी आणि ब्रेक तेवढे तपासून आणावेत. हवा भरायचा पंप माझ्याकडे आहे.

लेखाच्या आरंभी ज्यांचा उल्लेख केला, ते गृहस्थ आता काठीशिवाय चालतात. परवा दवाखान्यात आले तेव्हा त्यांनी सायकलीचे पुढचे चाक बदलून घेतल्याचे सांगितले आणि रविवारी येऊ का, असे विचारले. अस्थिरोगतज्ज्ञ मित्राला फोन करून विचारले. त्यांनी क्ष-किरण चित्र पुन्हा पाहिले आणि सपाट रस्त्यावर हरकत नाही, असे सांगितले. संध्याकाळी मी त्यांच्यासोबत सायकलच्या दुकानात जाऊन आलो. सीट एक इंच खाली घेतली आहे.